सागरी पुरातत्त्व शिकायचंय, तर आधी डायव्हिंग करू का?

प्रश्न थोडक्यात असा होता. देवगडचा मुलगा, पुरातत्त्वात एम.ए. झालंय, वडिलांची मासेमारीची होडी आहे, पोहणं लहानपणापासूनचं, आणि आता समुद्रातलं पुरातत्त्व शिकायचंय. तर डायव्हिंगचे सगळे कोर्स आधी करून टाकू का, की कर्ज काढून बाहेरचं मास्टर्स करू, की ऑनलाइन सर्टिफिकेटवर सुरुवात होईल, आणि भारतात हे रीतसर कुणी शिकवतं का. मी गेली बावीस वर्षं हे काम करते, बहुतेक गोवा आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, नवीन मुलामुलींना शिकवण्यातही बराच वेळ गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या भाच्याच्या वयाचा असशील म्हणून तू म्हणतेय.

कर्ज आत्ता काढू नकोस. डायव्हिंगच्या कार्डांचा ढीगही आत्ता नको. तू राहतोस त्याच तालुक्यात तुझं पहिलं वर्षभराचं ट्रेनिंग पडलंय, ते आधी कर, आणि ते का ते सांगते.

डायव्हिंग म्हणजे एसटी. ती तुला साइटवर नेऊन सोडते, उतरल्यावर काय करायचं ते तिचं काम नाही. मी असे डायव्हर बघितलेत ज्यांचे पाचशे डाइव्ह झालेत, पाण्यात अगदी माशासारखे, पण हातात टेप आणि पाटी दिली की अर्ध्या तासात एक आकडा धड वर येत नाही. आणि जमिनीवरच्या खड्ड्यांत दोन-तीन सीझन घासलेली मुलगी, जेमतेम वीस डाइव्ह झालेली, ती तीनच आकडे आणते पण तिन्ही बरोबर असतात. मला दुसरी हवी टीममध्ये. तुर्कस्तानात केप गेलिडोनियाला १९६० साली जॉर्ज बास या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने ब्राँझ युगातलं जहाज समुद्रतळावरच खणलं, जमिनीवरच्या शिस्तीने, तेव्हापासून हा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला असं मानतात, आणि तो बास डायव्हिंग शिकला होता त्या कामाच्या थोडंच आधी. पुरातत्त्व मात्र आधीपासून पक्कं होतं.

तर मुख्य स्किल आहे नोंद. खणलेली साइट परत भरता येत नाही हे तू जमिनीवर शिकलाच असशील, पाण्यात त्यात भर अशी की तुझ्याकडे वेळच नसतो. हिशोब करून बघ. आपल्याकडे सहसा ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी मिळते, २०० बार दाबाला भरलेली. ५० बार राखीव सोडले की हातात १६५० लिटर हवा. निवांत तरंगणारा माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो, १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० लिटर, म्हणजे चाळीसेक मिनिटं. पण तू काम करणार, टेप ओढणार, करंटशी झगडणार, तेव्हा मिनिटाला ३० लिटर धर, मग १० मीटरवर ६० झाले आणि वेळ उरला २७ मिनिटं. त्यात खाली जाणं, वर येणं, साइट शोधणं, सुरक्षेसाठी थांबणं आलं. हातात पंधरा मिनिटं राहतात. त्या पंधरा मिनिटांत तू जर टेपचं शून्य कुठल्या टोकाला धरायचं याचा विचार करत बसलास तर तो डाइव्ह गेलाच.

म्हणून टेपने मोजण्याची सवय आधी कोरड्यात लागली पाहिजे. साधी पद्धत अशी, की साइटभोवती चार पक्के पॉइंट ठोकायचे, त्यांची आपसातली अंतरं मोजायची, मग प्रत्येक वस्तूचं त्या चारही पॉइंटपासून अंतर घ्यायचं आणि खोली लिहायची. जागा ठरवायला तीन अंतरं पुरतात, मग चौथं कशाला असं मुलं दरवेळी विचारतात. चौथं चूक पकडायला. पाण्यात टेप शेवाळात अडकतो, करंटने फुगतो, मोजणारा ३.४२ च्या जागी ३.२४ लिहितो, आणि वर आल्यावर कुणालाच काही आठवत नाही. चार अंतरं असली की हिशोबात एक आकडा वेगळा उठून दिसतो आणि कुठला परत घ्यायचा ते कळतं. हे तुझ्या अंगणात कर. दहा नारळ पसर, चार खुंट्या ठोक, मोज, कागदावर मांड, मग डायव्हिंगचा मास्क घेऊन त्याच्या काचेवर बटर पेपर चिकटव आणि परत मोज. आमच्या बॅचला असं केलं होतं तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांची चूक वीत-वीतभर, आठव्या दिवशी दोन बोटांवर आली.

आणखी एक गोष्ट लोक शिकवायला विसरतात. पाण्यात मास्कमधून वस्तू जवळ दिसते आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. म्हणजे नजरेने काढलेलं चित्र चुकणारच. म्हणून चौकट लागते, एक मीटर बाय एक मीटरची, आत दोरीने २० सेंटिमीटरचे चौकोन, पंचवीस घरं, आणि घर बघून घरात काढायचं, वर-खाली डोकं करून अंदाज मारायचा नाही. कागद म्हणून प्लास्टिकची ट्रेसिंग फिल्म, पर्माट्रेस म्हणतात ती, सँडपेपरने घासलेल्या पाटीवर चिकटवलेली. पेन्सिल लाकडी नेऊ नकोस, तिचा गोंद सुटून दोन फाका होतात, प्लास्टिकची ने आणि दोन ने, दोन्ही दोरीने बांधलेल्या.

आता तुझा तालुका. विजयदुर्ग तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे. वाघोटण खाडीत खडक फोडून केलेली मराठा आरमाराची गोदी आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीचं पाणी उतरलं की, तिचा बराच भाग उघडा पडतो. यापेक्षा चांगला क्लासरूम मला गोव्यात शोधूनही मिळाला नसता. तिथे तुला डायव्हिंग लागणार नाही, लागेल भरती-ओहोटीचं ज्ञान, आणि ते तुझ्या घरात आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हे वडिलांना तोंडपाठ असेल, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, ढोबळ हिशोब आहे आणि देवगडला मुंबईपेक्षा थोडी आधीच येते, पण कामाचं प्लॅनिंग त्यावर होतं. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात सगळ्यात खोल सुकती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, आणि तेव्हा उजेड कमी. मग कुठला भाग पहाटे करायचा, कुठला भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, दुपारी केला तरी चालतो, हे आधी कागदावर मांडावं लागतं. हे प्लॅनिंग जमलं तर डाइव्ह प्लॅनिंग अवघड जात नाही, कारण दोन्हीकडे घड्याळ समुद्राच्या हातात असतं.

याच भरतीचा पाण्याखाली एक घोळ होतो म्हणून इथेच सांगून टाकते. समज सकाळी तू एका तोफेच्या तोंडाशी खोली घेतलीस, ६.२ मीटर. दुपारी तुझ्या जोडीदाराने तिच्या बुडाशी घेतली, ७.४. तुम्ही वर येऊन लिहिलंत की तोफ सव्वा मीटर तिरपी आहे. तोफ सपाटच होती, मधल्या वेळात पाणी चढलं. म्हणून प्रत्येक डाइव्हच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच ठरलेल्या पॉइंटची खोली घ्यायची आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात. मी हा नियम शिकले तो एक अख्खा आठवड्याचा प्लॅन फेकून देऊन, त्या डेटात भरतीची वेळच कुणी लिहिली नव्हती.

गोदीबरोबर दगडी नांगर बघ. सिंधुदुर्ग किल्ल्यावर असे नांगर नोंदवलेले आहेत. ज्याला इंडो-अरेबियन म्हणतात तो प्रकार लांबट, खाली रुंद वर निमुळता, खालच्या बाजूला लाकडी दांडे घालायला दोन चौकोनी भोकं, एकमेकांना काटकोनात, आणि वर दोरासाठी एक गोल. हे कुठे सापडतील सांगता येत नाही, कुणाच्या विहिरीच्या काठाला, देवळाच्या पायरीत, कपडे धुवायला. प्रत्येकाचं माप, भोकांची मापं, दगड कुठला, चारही बाजूंचे फोटो. दगड स्थानिक जांभा आहे की बेसाल्ट आहे की लांबून आलेला, यावरून जहाज कुठून आलं असेल त्याचा धागा मिळतो. वीरगळही विसरू नकोस, बोरिवलीजवळ एक्सरला समुद्री लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांची जहाजं कोरलेली, मुंबईला गेलास की एक दिवस तिथे घाल आणि जहाजं स्केलवर काढ. मोबाइलने फोटोग्रामेट्री, म्हणजे बरेच फोटो जोडून वस्तूचं मोजता येणारं थ्रीडी चित्र बनवणं, तेही याच वस्तूंवर शिक, एक फोटो दुसऱ्यावर सत्तर-ऐंशी टक्के चढला पाहिजे, बाजूला स्केल ठेवायचा, मेशरूमसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. आपल्या गढूळ पाण्यात एक-दोन मीटरच दिसत असताना फोटोग्रामेट्री करायची असते, तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

आता डायव्हिंग. करायचंच आहे, पण दुसऱ्या वर्षी आणि बेताने. त्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ये, दमा, सायनस, कानाचा पडदा, हे आधी कळलं तर बरं. टूरिस्ट लोक मालवणला जो अर्ध्या तासाचा डाइव्ह करतात, जिथे इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरतो, ते ट्रेनिंग नव्हे, त्यात पैसे घालू नकोस. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंगची संस्था आहे, इस्डा, तिथे रीतसर कोर्स होतात. ओपन वॉटर म्हणजे १८ मीटर खोलीपर्यंत, ॲडव्हान्स्ड म्हणजे ३०, आणि त्यानंतर रेस्क्यू. माझ्या मते पुरातत्त्वाच्या कामाला रेस्क्यूपर्यंत गेल्याशिवाय येऊ नये, कारण काम करताना लक्ष टेपवर असतं आणि जोडीदाराकडे बघायची सवय रेस्क्यूत लागते. बाकीची रंगीत स्पेशॅलिटी कार्डं राहू देत. त्याऐवजी एकाच जागी पन्नास डाइव्ह कर, वाईट पाण्यात कर, आणि प्रत्येक डाइव्हला एक छोटं काम घे, आज फक्त दोन खडकांमधलं अंतर, उद्या फक्त एका चौकटीचं चित्र, परवा कंपासवर वीस मीटर जाऊन परत. खोलीच्या मागे लागू नकोस. गोव्याला मार्मागोव्याजवळ सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज सापडलं, तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मोठे मर्तबान रांजण, आणि ते सगळं अवघ्या तीन ते सहा मीटर पाण्यात. तिथे खोली कमी पण लाट अशी हलवते की एका हाताने खडक धरून दुसऱ्याने लिहावं लागतं.

भारतात रीतसर शिकण्याबद्दल खरं सांगायचं तर दरवर्षी ठरलेल्या तारखेला सुरू होणारा, पाण्यातला, सगळ्यांना खुला असा पूर्ण कोर्स आहे म्हणून सांगावं असं काही मला दिसत नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयओमध्ये, १९८१ साली एस. आर. राव यांनी सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू केलं, तेच राव ज्यांनी आधी लोथल खणलं होतं. द्वारका, बेट द्वारका, पूमपुहार, गोव्याची बुडालेली जहाजं, हे बरंचसं तिथून झालं. तिथे प्रोजेक्टवर किंवा पीएच.डी.ला जाणं हाच कोर्स आहे असं समज. दुसरं म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, त्यांचा अंडरवॉटर विंग २००१ साली झाला, मधे बरीच वर्षं थंड होता, २०२५ च्या फेब्रुवारीत परत द्वारकेला उतरला आणि त्या पाच जणांच्या टीममध्ये तीन महिला होत्या. ते वाचून मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही, मी सुरुवात केली तेव्हा होडीवर बाई नको म्हणून मला धक्क्यावर ठेवून लोक गेलेले आहेत. सर्वेक्षणात जायचं तर ग्रेटर नोएडाच्या त्यांच्या संस्थेचा दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा बघ. तो जमिनीचाच आहे, पण दार तेच.

बाहेरचं म्हणशील तर ब्रिटनची नॉटिकल आर्किओलॉजी सोसायटी, त्यांचा ट्रेनिंग प्रोग्रॅम १९८६ पासून चालू आहे आणि जगभर त्याची नक्कल झाली, कारण तो तुकड्यातुकड्यांत आहे, नोकरी सांभाळून करता येतो, आणि डायव्हर नसलेल्यांनाही घेतात. ऑनलाइन भागाने सुरुवात करायला हरकत नाही. ऑनलाइन सर्टिफिकेट चालेल का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की डोकं तयार करायला चालेल, कुणी त्यावर तुला पाण्यात उतरवणार नाही. युनेस्कोने थायलंडला चंथाबुरीत २००९ ते २०११ आशियातल्या लोकांसाठी फाउंडेशन कोर्स घेतले, त्याचं ट्रेनिंग मॅन्युअल फुकट उतरवून घेता येतं, आणि ते तुला सहा महिने पुरेल. मास्टर्ससाठी साउथम्प्टन, ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स, टेक्सास ए अँड एम ही जुनी नावं आहेत. स्कॉलरशिप मिळाली तर जरूर जा, पण हातात स्वतः केलेल्या नोंदी घेऊन जा. तिकडे समुद्रात पवनचक्क्या आणि बंदरं बांधण्याआधी तळाची पुरातत्त्वीय पाहणी करावी लागते म्हणून नोकऱ्या आहेत, आपल्याकडे त्या प्रमाणात नाहीत, आणि कर्ज काढून परत आलास की हप्ता लगेच सुरू होतो, हे लक्षात ठेवून ठरव.

मला विचारशील तर शिकवण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लंकेत गॉलला झालं. १९९२ पासून तिथे वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियमचे लोक येऊन लंकेच्या मुलांबरोबर उतरायला लागले, मग अव्होंडस्टर हे डच कंपनीचं जहाज हातात घेतलं, जे १६५९ साली गॉलच्या खाडीतच नांगर सुटून बुडालं होतं, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, उथळ पाण्यात. महत्त्वाचं हे की एकाच साइटवर वर्षानुवर्षं एकच टीम शिकत गेली, कुणी डायव्हर, कुणी चित्र काढणारा, कुणी लॅबमध्ये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्यांची किनाऱ्यावरची लॅब आणि बरंचसं सामान वाहून गेलं. माणसं शिकलेली होती म्हणून त्यांचं युनिट परत उभं राहिलं. मी तिथे काही आठवडे होते, आणि नोंदवही कशी ठेवतात ते मी तिथल्या एका तरुण मुलाकडून शिकले.

लॅबचं नाव निघालं म्हणून, हे तुला कुठलाच डायव्हिंग कोर्स सांगणार नाही. वस्तू वर काढू नकोस. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका ट्रेनिंगमध्ये, कुठे ते सांगत नाही, चिखलातून जहाजाच्या फळीचा तुकडा काढला, सगळ्यांनी फोटो काढले आणि तो व्हरांड्यात ठेवला, टब मागवलाय म्हणे. तिसऱ्या दिवशी तो आखडला, वाकला, लांबीत चिरला. शेकडो वर्षं चिखलात टिकलेलं लाकूड तीन दिवसांत गेलं. पाण्याने फुगलेल्या लाकडाच्या पेशी पाण्यानेच उभ्या असतात, पाणी उडालं की कोसळतात. इंग्लंडचं मेरी रोझ हे जहाज १९८२ साली वर काढलं आणि त्यावर मेणासारख्या रसायनाचा, पीईजीचा, फवारा २०१३ पर्यंत चालू होता. मातीच्या भांड्यातही मीठ शिरलेलं असतं, तसंच वाळवलं की मिठाचे खडे बनून वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून गोड्या पाण्यात महिनोन्महिने ठेवून पाणी बदलत राहायचं आणि मीठ संपलं का ते तपासत राहायचं. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही जागेवरच जपणं हा पहिला पर्याय धरलाय. भारताने त्यावर अजून शिक्का मारलेला नाही, पण आपले नियम त्याशिवायही कडक आहेत, परवानगीशिवाय उत्खनन नाही. बघणं, मोजणं, कळवणं एवढंच तुझं काम. तुला जर डायव्हिंगपेक्षा यात गोडी वाटली तर याच्यात जा, आपल्याकडे पाण्यातून आलेल्या वस्तू जपणारी माणसं डायव्हरपेक्षाही कमी आहेत.

त्याच करारात शंभर वर्षांची अट आहे, शंभर वर्षं पाण्याखाली असेल तर वारसा. त्या हिशोबाने १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर सहाशेहून जास्त माणसं घेऊन बुडालेली रामदास बोट २०४७ मध्ये त्यात बसेल. रायगडात अजून घराघरांत त्या दिवसाची आठवण आहे. बुडालेलं जहाज म्हणजे खजिना असं ज्याच्या डोक्यात असेल त्याने आधी त्या गावांत जाऊन बसावं.

आणि वडिलांची होडी. तुझ्याकडे जी गोष्ट आहे ती साउथम्प्टनच्या मुलांकडे नसते. तुर्कस्तानचं उलुबुरुन जहाज १९८२ साली एका स्पंज काढणाऱ्या डायव्हरने सांगितलं म्हणून सापडलं, तो म्हणाला खाली कान असलेली धातूची बिस्किटं आहेत, ती तांब्याच्या लाद्या निघाल्या, तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या. लंकेचं गोडवाया जहाज, हिंदी महासागरातलं सगळ्यात जुनं ठाऊक असलेलं, तेही तिथल्या मच्छीमारांमुळेच कळलं. तुझ्या बंदरातल्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, माहीत असतं जाळी कुठे अडकते, कुठे फाटते, कुठल्या खडपाला काय नाव आणि ते नाव का पडलं. हे सगळं लिहून घे, त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट, आणि जागा मात्र कुठे जाहीर टाकू नकोस. होडी बांधणारे जुने सुतार उरले असतील तर त्यांच्याजवळ बस, फळीला फळी कशी जोडतात, कुठलं लाकूड कुठे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून दोरीने शिवलेल्या फळ्यांचं कौंडिण्य नावाचं जहाज बनवलं, मे २०२५ मध्ये नौदलात आलं, त्यात केरळचा शिवणारा कारागीर आणि गोव्याची होडी बांधणारी माणसं होती म्हणून ते तरंगलं. समुद्रात तुला जहाज कधीच अख्खं मिळत नाही, चार फळ्या आणि दोन खिळे मिळतात, आणि त्या चार फळ्या वाचता येण्यासाठी जिवंत होडी आतून माहीत असावी लागते.

पावसाळ्यात काहीच होणार नाही, तो वाचनाला आणि चौकटीला दे. दिवाळीनंतर पाणी निवळायला लागतं, तेव्हा पहिल्या उधाणाच्या सुकतीला गोदीत उतर, दोन मित्र बरोबर घे, एकट्याने खाडीत जायचं नाही, आणि गावच्या लोकांना सांगून जा काय करतोयस ते. पुरातत्त्व खात्यालाही आधी पत्र दे. चौकट पीव्हीसी पाइपची करशील तर पाइपला जागोजागी भोकं पाड, नाहीतर आत हवा राहते आणि पाण्यात नेलीस की तरंगून वर येते.